एक मीटरची जाळी

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप परत दिला तो इतका शांत होता, की तिला वाटलं बिघडला. तिने तो दुकानाच्या काउंटरवरच उघडला, कान जवळ नेला, मग तळव्याने त्याचं पोट चाचपून पाहिलं. गार होतं. "चालू आहे, मॅडम," दुरुस्तीवाला म्हणाला. "धडधाकट लॅपटॉप असाच असतो. तुमचा तापाने फणफणलेला, आणि तुम्ही त्याच्याकडून मरमर कामं करून घेत होतात. जरा दया येऊ द्या." मग त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर जपून ठेवलेला ऐवज तिच्यापुढे सरकवला. आतल्या पंख्यामागे, हवा बाहेर पडायच्या खाचांना चिकटून बसलेल्या धुळीचा करडा पापुद्रा होता तो, जुन्या उशीतल्या कापसासारखा दाबून घट्ट झालेला. त्यात दोनतीन लांब केस अडकले होते. तिचेच असणार. "हवा जायला वाट नको का? ओरडणार नाही तर काय करेल बिचारा? दोन वर्षांपूर्वीच आणायला हवा होतात." तो हे सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणत असणार. पण दोन वर्षं हे शब्द ऐकल्यावर सुटे पैसे परत घ्यायला ती विसरली.

ऑफिसात तिला वैमानिक म्हणत. सकाळी तिने लॅपटॉप उघडला की पाचच मिनिटांत त्याचा पंखा असा काही घोंघावायला लागे, की शेजारच्या टेबलावरून कोणीतरी ओरडायचंच, "पट्टे बांधा रे, उडालं विमान!" ती हसायची. मांड्यांवर घेऊन बसायची सोय नव्हती, चटका बसायचा. म्हणून ती त्याच्या खाली बाटल्यांची दोन बुचं ठेवायची, उन्हाळ्यात एक ओला रुमाल घडी करून शेजारी ठेवायची. त्या आवाजाची सवय झाली होती म्हणणं कमीच पडेल. तो आवाज हे तिचं घर होतं. त्यात शिरलं की बाहेरचं काही ऐकू येत नसे, आतलंही नाही. अजूनही ती आत तशीच बसून राहिली असती. पण मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकासमोर पंख्याने असा टाहो फोडला, की ते गृहस्थ बोलायचे थांबले आणि साहेबांकडे बघू लागले. गिऱ्हाईक गेल्यावर साहेब म्हणाले, "एक तर हा दुरुस्त कर, नाहीतर याला पेन्शन दे." म्हणून ती दुकानात गेली. स्वतःहून गेली नव्हती, हे नंतर तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

घरी येऊन ती टेबलाशी बसली. आई स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती. सुरीचा फळीवर पडणारा आवाज एक-एक करून मोजता येत होता. खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला, बंद केला. रस्त्यावर मोटार वळली. लॅपटॉप उघडा होता, पडदा उजळलेला, आणि त्याच्याकडून श्वासाएवढाही आवाज नव्हता. आणि त्या शांततेत, कोणी दार ढकलून आत यावं इतक्या सहज, तिच्या मनात एका फायलीचं नाव आलं. पोहण्याचा तलाव, प्रेक्षकांचा सज्जा.

तिचं काम सांगायला सोपं आहे. इमारतीचं चित्र काढणारे दुसरे. ती इमारत उभी राहावी म्हणून कुठे किती काँक्रीट नि किती लोखंड घालायचं, हे ठरवणारी तिची कचेरी. आकडेमोड यंत्र करतं. ते सगळ्या स्लॅबवर चौकोनांची एक जाळी टाकतं आणि एकेका चौकोनावर किती ताण येतो ते सोडवत जातं. चौकोन जितके बारीक, तितकं उत्तर खरं, आणि तितका लॅपटॉपला घाम. नव्याने लागलेल्या मुलामुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "जाळी मोठी ठेवलीत तर यंत्र तुम्हाला आवडेल तेच उत्तर देईल. फार मवाळ असतं ते." मुलं हे वहीत लिहून घ्यायची. ती त्या लिहिणाऱ्या हातांकडे बघत राहायची, आणि तेव्हाही तिला काही आठवत नसे.

दोन वर्षांपूर्वी बाबा याच खोलीत, या टेबलापासून चार हातांवर पडून होते. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं, आणि राहिलेल्या सगळ्या जागी जणू कान उगवले. भांड्याला भांडं लागलं की ते डोळे मिटून घ्यायचे. आईने दाराची घंटा काढून ठेवली, मिक्सर कपाटात गेला, पायांतल्या चपला गेल्या. दोघी मायलेकी घरात चोरासारख्या वावरायच्या. बाबा आयुष्यभर छापखान्यात यंत्रांच्या गडगडाटात उभे राहिलेले. आईशी साधं बोलतानासुद्धा ओरडून बोलायचे, आणि आई म्हणायची, मी काय नदीपलीकडे उभी आहे का? त्यांना आता चमचा पडलेला सोसत नव्हता. साहेबांनी घरून काम करायची मुभा दिली होती, पण तलावाचे आराखडे शुक्रवारी जागेवर पोचायलाच हवे होते. बुधवारी दुपारी तिला शेवटचा बदल आला. तलावावरची दमट हवा बाहेर नेण्यासाठी सज्जाच्या मुळाशी, जिथे तो भिंतीतून बाहेर येतो तिथेच, दीड फुटाचं एक चौकोनी भोक हवं होतं. तिने भोक घातलं, वीस सेंटिमीटरची जाळी टाकली, बटण दाबलं. पंखा चढत गेला. एक मिनिट, दोन मिनिटं. बाबांच्या तोंडाच्या चांगल्या बाजूने आवाज यायला लागला, "बं... बं..." त्यांना बंद म्हणायचं होतं. एका डोळ्यातून पाणी वाहत कानात जात होतं. आई दारात आली. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. हात जोडल्यासारखे धरून ती म्हणाली, "अगं, आवर ना ते. त्यांना आता तेवढंच देण्यासारखं आहे आपल्याकडे."

तिने थांबवलं. जाळी वीसवरून शंभर सेंटिमीटरवर नेली, एक मीटर. पुन्हा बटण दाबलं. पंख्याने आवाज चढवायच्या आत उत्तर आलं, आणि सबंध सज्जा हिरवागार होता, म्हणजे सुरक्षित. तिने आराखडा पाठवून दिला. बाबांना झोप लागली. त्यांचा चेहरा सैल पडला होता, मोकळा, जुन्या फोटोतल्यासारखा. आईने मागून येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. शुक्रवारी पहाटे बाबा गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकाला आई सांगायची, "शेवटचे दोन दिवस शांत झोपले हो. पोरीने हातातलं काम बाजूला ठेवलं बापासाठी." मावशी, काका, शेजारीण, सगळे तिच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघायचे. ती मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, दुःखाने.

एक मीटरच्या चौकोनात दीड फुटाचं भोक दिसत नाही. यंत्र ते सोडून देतं, तिथे अखंड काँक्रीट आहे असं धरून चालतं. तशी एक ओळ पडद्याच्या तळाशी येतेसुद्धा, बारीक अक्षरांत. ती ओळ तिने त्या दिवशी वाचली होती का? हा प्रश्न तिने आता, सुरीच्या आवाजात, पहिल्यांदा स्वतःला सरळ विचारला, आणि दोन्ही उत्तरं तितकीच खरी वाटली. एका क्षणी तिला ती ओळ स्वच्छ दिसली, पिवळ्या त्रिकोणासकट. दुसऱ्या क्षणी फक्त बाबांच्या कानाकडे जाणारं पाणी दिसलं. वाचली असेल तर ती गुन्हेगार होती. नसेल तर निष्काळजी. या दोन शब्दांमध्ये आपण किती आशेने जागा शोधतोय, हे कळून तिला स्वतःची किळस आली. सोमवारी ऑफिसात लहान जाळीवर पुन्हा सोडवायचं, असं तिने तेव्हा ठरवलं होतं, एवढं नक्की. पण ती परतली पंधरा दिवसांनी. टेबलावर आठ नव्या फायली होत्या, आणि साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तशा अवस्थेतही तलावाचं काम वेळेवर दिलंस. मानलं." एवढ्या मायेने टाकलेल्या शब्दांवर माणूस बसतो, उठवत नाही. तिलाही उठवलं नाही.

आणि मग दोन वर्षं. दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. दुरुस्तीला लागला तो अर्धा दिवस. जाता-येता ती दुकानाची पाटी वाचायची, आणि लॅपटॉप काखेत गरम लागत असायचा. का नाही गेली? कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असं ती सांगत आली, पण आज ते उत्तर तिच्याच घशाखाली उतरेना. तो तापत होता तोवर बारीक जाळी त्याला झेपली नसती. झेपली नसती तर सोडवता आलं नसतं. सोडवलं नाही तर कळणार कसं? बाकी शेजारच्या टेबलावरचा कोणाचाही लॅपटॉप तासाभरासाठी मागता आला असता, हे समजायला काही वैमानिक असावं लागत नाही. तिने तो आवाज सांभाळला होता. बुचं लावून, ओला रुमाल ठेवून, थट्टा सोसून, एखादं आजारी जनावर दारात बांधून ठेवावं तसा.

तिने फाईल उघडली. वीस सेंटिमीटर टाकलं. बटण दाबलं. सहा मिनिटं लागली, आणि सहा मिनिटं लॅपटॉपने हूं की चूं केलं नाही. निळी पट्टी सरकत राहिली. तिला घाम फुटला होता. यंत्राचा घाम आता तिला येत होता. मग सज्जा उमटला. बराचसा हिरवा, मुळाकडे पिवळा होत गेलेला, आणि भोकाच्या चारही कोपऱ्यांपासून तिरक्या पसरत गेलेल्या लाल जिभा. जिथे जितकं लोखंड हवं होतं, तिथे त्याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त होतं. तिने पुन्हा सोडवलं. आणखी बारीक, दहा सेंटिमीटर. जास्तच लाल आलं.

"काय गं, एवढी गप्प का?" आईने आतून विचारलं.

"मी नाही, लॅपटॉप गप्प झालाय."

"बरं झालं बाई. किती किरकिर होती त्याची." सुरी थांबली. "तुझ्या बाबांना किती त्रास व्हायचा. त्या दिवशी तू बंद केलास म्हणून... मला अजून आठवतं, कसे मुलासारखे झोपले."

"आई, मी बंद नव्हता केला."

"केलास की. मी होते ना तिथे." आणि सुरी पुन्हा सुरू झाली. आईकडे नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांतलं एवढंच एक सुख उरलं होतं. ते काढून घ्यायची हिंमत तिला झाली नाही, आणि तो भित्रेपणा होता की माया, हेही तिला ठरवता येईना.

साहेबांनी शुक्रवारी सकाळी तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लाल जिभांवरून अंगठा फिरवला, चष्मा काढला, पुसला. ते साठीच्या पुढचे. तिला हाताला धरून शिकवलेले.

"दीड वर्ष उभा आहे ना?" ते म्हणाले.

"उभं असणं म्हणजे बरोबर असणं नाही, असं तुम्हीच शिकवलंत साहेब."

"शिकवताना माणूस बरंच काही बोलतो." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "हे बघ, आपण भार दीडपट धरतो. लोखंड कागदावर असतं त्याहून चिवट असतं. एवढ्यात पडत नाही."

"पडेलच असं मीही म्हणत नाही. पण रविवारी तिथे पोहण्याच्या शर्यती आहेत. सज्जा खच्चून भरेल. मुलं जिंकली की आईबाप उड्या मारतात. तोवर खालून टेकू तरी द्या."

"टेकू काय पाण्यात उभे करू?" ते हसले नाहीत. "आणि कोणी विचारलं, टेकू कशाला, तर काय सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. आराखड्यावर सही माझी आहे, पोरी. सोमवारी जाऊ, शांतपणे बघू, भोकाच्या बाजूने लोखंडी पट्ट्या मारून घेऊ. कोणाला कळणारही नाही." मग दाराकडे बघून म्हणाले, "लेखी काही पाठवू नकोस." त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, असं जिना उतरताना तिला वाटलं. भांडता तरी आलं असतं. त्यांनी तिच्याच मनातलं सगळं ओळीने बोलून दाखवलं होतं.

शनिवार तिने आकड्यांशी घासाघीस करण्यात घालवला. एका माणसाचं वजन किती धरायचं? लहान मुलांचं? पहिली रांग रिकामी राहिली तर? अर्धेच लोक आले तर? सात-आठ वेळा तिने सज्जा माणसांनी भरला आणि रिकामा केला, लॅपटॉप निमूटपणे सोडवत राहिला, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच राहिलं: कदाचित. पूर्वी पंख्याच्या आवाजाने तिला मध्येच उठवलं असतं, पाणी प्यायला, खिडकीशी जायला. आता उठायला काही कारणच नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला ती तलावावर गेली. आत शिरताच दमट ऊब आणि औषधी पाण्याचा वास तोंडावर आला. शंभर मुलांचा कलकलाट छताला आपटून परत येत होता. सज्जा तिने कागदावर काढला होता तसाच होता, पांढरा, सडपातळ, देखणा, आणि माणसांनी फुलून गेलेला. लोक मागे भिंतीला टेकून उभे होते, म्हणजे बरोब्बर मुळाशी. ती जिना चढून वर गेली. भिंतीलगत फरशीचा एक सांधा नव्याने भरलेला दिसत होता. बादली घेऊन उभ्या असलेल्या देखभालवाल्याला तिने विचारलं, हे काय?

"ते होय? उघडतो तो अधूनमधून. मी पांढरं सिमेंट भरतो की झालं."

"किती वेळा भरलात?"

"पहिल्या वर्षी एकदा. यंदा तीनदा." त्याने अभिमानाने पाय आपटून दाखवला. "आता दगडासारखा आहे."

खाली शिट्टी गळ्यात अडकवलेला प्रशिक्षक होता. ती धावत त्याच्याकडे गेली, आणि त्याने ऐकायच्या आधीच मान हलवली, आज नाही, आज कोणाशीच बोलायला वेळ नाही. तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" हा प्रश्न दोन दिवस ती टाळत होती. ती पुन्हा वर गेली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली.

"सगळे खाली उतरा. एकेक करून, पळू नका. हा सज्जा मी डिझाइन केलाय. माझं गणित चुकलंय."

आधी हशा पिकला. मग पहिल्या काही माणसांनी तिचा चेहरा पाहिला आणि पिशव्या उचलल्या. "पळू नका" म्हणत ती प्रत्येकाच्या कोपराला धरत होती, मोजत होती, पन्नास, ऐंशी, एकशे वीस. एक बाई कठड्याशी घट्ट बसून राहिली. "माझी मुलगी आता उतरणार आहे. पोहताना ती वर बघते. मी दिसले नाही तर घाबरते." तिने त्या बाईला दंडाला धरून उठवलं, जवळजवळ ओढतच खाली आणलं. सज्जा रिकामा झाला. सगळे ओल्या फरशीवर, समोरच्या भिंतीला पाठ लावून, वर बघत उभे राहिले. प्रशिक्षक फोनवर कोणाला तरी तिचं वर्णन सांगत होता. तिच्या पर्समध्ये साहेबांचा फोन वाजून वाजून बंद झाला.

काहीच झालं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणीतरी खोकलं. कोणीतरी म्हणालं, डोकं फिरलंय, आणि दुसरं म्हणालं, हिला आधी कुठेतरी दाखवायला हवं. पलीकडच्या टोकाला कोणी ठरवल्यासारखी शिट्टी वाजवली आणि थांबलेली शर्यत सुरू झाली. दोऱ्यांनी आखलेल्या चौथ्या रांगेतली छोटी मुलगी अर्ध्यापर्यंत आली, तिने पाण्यातून डोकं वर काढून सज्जाकडे पाहिलं, आणि रिकामे बाक पाहून तिचे हातपाय थांबले. ती दोरीला लटकून रडायला लागली. खालून तिची आई हाका मारत होती, पण त्या घुमणाऱ्या आवाजात ती कोणाची हाक हे मुलीला कळेना. ती वरच बघत राहिली. दुसऱ्या पोरांनी शर्यत संपवली.

मुलीला बाहेर काढून टॉवेलात गुंडाळून ती बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "बघा," ती म्हणाली. "उभा आहे तुमचा सज्जा."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. दोन-तीन पुरुष कुरकुरत पुन्हा जिन्याकडे निघाले होते; ती आडवी आली, त्यातल्या एकाने तिला हाताने बाजूला सारलं, देखभालवाल्याने मध्ये पडून त्याला थांबवलं. आणखी किती वेळ थांबवेल, ठाऊक नव्हतं. सज्जा वर होता, पांढरा, कोरडा, निश्चल, एक कण न सांडता. तो असाच उभा राहिला तर उद्या साहेब पट्ट्या मारून घेतील, तिला वेडी ठरवून घरी बसवतील, आणि आईपुढे तिचं काय उरेल? ती सांध्याकडे टक लावून बघत होती. पड, ती मनात म्हणाली. आता कोणी नाही वर, खालीही नाही. आत्ताच पड. तिची नखं तळहातात रुतली होती, आणि दोनशे माणसांसमोर, रडणाऱ्या मुलीसमोर, ती मनापासून त्या सज्जाच्या कोसळण्याची वाट बघत उभी राहिली.